डोकरीची मिसिंग

इंजिन उघडून परत बसवलं, की दोन-चार नट हातात उरतातच. ते कुठले, हे कधी कळत नाही. गाडी चालू झालेली असते, म्हणून कोणी शोधत बसत नाही. आणि उद्या लागले तर, म्हणून कोणी फेकूनही देत नाही. खिशात टाकायचे आणि घरी जायचं. माझ्याकडे किस्से असेच साठले. जमवले नाहीत, उरले! आणि खरं सांगू? त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गाडीचे आहेत, आणि त्या सगळ्यांत गाढव मीच आहे.

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. मी नागपूरहून तिथल्या मोटार गॅरेजात लागलो. गॅरेज म्हणजे टिनाचं लांबलचक शेड, आत तीस-चाळीस गाड्या आणि सगळ्यांवर लाल धूळ. बसच्या वर्कशॉपात डिझेल इंजिनावर हात बसलेला माझा. भरती करणाऱ्या साहेबांना मी आधीच सांगून टाकलं, "सर, मले डिझेल येते. पेट्रोलचं काम मी केलं नाही."

डिझेल इंजिनात ठिणगीचा मामलाच नसतो. प्लग नाही, कॉइल नाही, काही नाही. दाबलं की पेटतं. पेट्रोलच्या गाडीत मात्र सगळा खेळ ठिणगीचा.

साहेब म्हणाले, "मेश्राम, इंजिन ते इंजिन. बैल काळा काय अन् पांढरा काय!"

पहिल्याच दिवशी मला काळा बैल देण्यात आला.

*

ती एक जुनी, काळी, विलायती मोटार होती. कुठल्याशा जमीनदाराकडून कारखान्याच्या मोठ्या साहेबांसाठी घेतलेली. पुढे दोन डोळे बटाट्याएवढाले, दोन्ही बाजूंनी उघडणारं बॉनेट, चढायला रुंद फूटबोर्ड. ड्रायव्हर साहू हा इथलाच, छत्तीसगढी माणूस. तो तिला 'डोकरी' म्हणायचा. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडेही म्हातारीला डोकरीच म्हणतात, त्यामुळे माझं आणि साहूचं पहिल्या दिवसापासून एकमत झालं. पुढे कशावरच झालं नाही.

"मिस्त्री, डोकरी खोखत हे," साहूनं सांगितलं. म्हातारी खोकते आहे.

खोकते म्हणजे मिसिंग मारते. चार सिलिंडरांनी आळीपाळीनं जोर लावायचा असतो. एखाद्यानं आपली पाळी चुकवली, की गाडी गचका खाते आणि आवाज तुटतो. कायमची मिसिंग असेल तर सोपं असतं. एक सिलिंडर मेला म्हणायचं आणि उपचार करायचा. पण डोकरीची मिसिंग मनात येईल तेव्हा यायची. गॅरेजात उभी केली की तंबोऱ्यासारखी सुरात! मोठे साहेब मागे बसले, गाडी फाटकाबाहेर पडली, की फट्... फट्-फट्... फट्.

मी साहूला म्हटलं, "साहेब बसले का मगच कावून खोकते बे?"

साहू म्हणाला, "मिस्त्री, साहेब ला देख के तो महूं खोखथंव." साहेबांना पाहून तर मीसुद्धा खोकतो!

*

आमचे फोरमन एक सरदारजी होते. आवाज असा, की हॉर्न बिघडलेल्या गाड्या ते शेडबाहेर नुसत्या ओरडण्यावर काढायचे. त्यांनी मला युक्ती शिकवली. इंजिन चालू ठेवायचं. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक एकेका प्लगच्या डोक्याला लावायचं आणि दांडी इंजिनाला टेकवायची. त्या प्लगची ठिणगी बंद होते. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता. नाही बदलला, तर तोच कामचोर.

मी मान डोलावली. सोपं होतं! एक प्लग झाला, दुसरा झाला. शेडमधले चार लोक पाहायला जमले, तसा मी जरा ऐटीत आलो. स्क्रूड्रायव्हर असा फिरवून तिसऱ्या प्लगला लावला.

त्या स्क्रूड्रायव्हरची मूठ चिरलेली होती. आतलं लोखंड नेमकं माझ्या तळहाताखाली.

मी उडालो. डोकं बॉनेटला आपटलं, स्क्रूड्रायव्हर कुठेतरी पत्र्यावर जाऊन वाजला, आणि मी जमिनीवर बसून ओरडलो, "करंट आहे! सरदारजी, करंट येऊन राहिला! फुल करंट!"

सरदारजींनी शांतपणे वाकून माझ्याकडे पाहिलं.

"शाबाश! तीन नंबर ठीक है. अब चार नंबर चेक कर!"

*

मग मी प्लग काढले, घासले, पुसले, उन्हात वाळवले. पापडासारखे! परत बसवताना त्यांच्या वायरी लावल्या. आता त्या वायरींचा एक क्रम असतो. पहिल्यानंतर तिसरा, मग चौथा, मग दुसरा. पण डिझेलवाल्या माणसाचा आपला साधा हिशोब. एक, दोन, तीन, चार. मी शाळेतल्या पोरांसारख्या ओळीनं लावून दिल्या.

गाडी कशीबशी लंगडत सुरू झाली. मला वाटलं, नुकते घासलेले प्लग आहेत, बसतील जागेवर. साहूला म्हटलं, "चाल, ट्रायल घेऊ."

तिकडे भट्टीच्या पायासाठी खोदकाम चालू होतं. खाली कठीण दगड लागला की ठेकेदाराची माणसं सुरुंग लावायची. लाल झेंडा दाखवला किंवा धडाम् झालं, की सगळ्यांनी आडोशाला जायचं, हा नियम. आमची डोकरी बरोबर त्या खड्ड्याच्या काठावर पोचली आणि तिच्या सायलेन्सरमधून जो बार निघाला...

धडाम्!

झेंडेवाला आपला झेंडा टाकून पळाला. त्याच्यामागे मुकादम. खड्ड्यातून दोनशे रेजा-कुली, म्हणजे मजूर बाया-बापे, घमेली टाकून वर आले आणि मुरुमाच्या ढिगाऱ्यामागे जाऊन बसले. डोकरीनं अजून एक काढला. जे उभे होते तेही बसले. पोलादाच्या कारखान्याचं काम एका स्क्रूड्रायव्हरवाल्यानं जागच्या जागी थांबवलं!

मुकादमाला खरा प्रकार कळला, तेव्हा तो माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करत आला. मी बॉनेटमध्ये डोकं खुपसून वायरी क्रमानं लावत बसलो होतो. तो परत गेल्यावर ढिगाऱ्यामागून एक म्हातारी रेजा पदर झटकत उठली. सकाळपासून पहिल्यांदाच टेकली असणार बिचारी. जाताना माझ्याजवळ थांबली, अगदी मायेनं म्हणाली,

"काली फेर लानबे ग, मिस्त्री!"

उद्या परत आण हं!

*

त्या काळी भिलाईत रशियन तज्ज्ञ होते. त्यांच्यापैकी एक धिप्पाड इंजिनिअर मोटारींचा शौकीन निघाला. मोठ्या साहेबांनी त्याच्यापाशी डोकरीचं दुःख सांगितलं असावं, कारण एक दिवस तो दुभाष्याला घेऊन आमच्या शेडमध्ये हजर! दुभाषा हा एक सडपातळ बंगाली तरुण होता. रशियन ऐकायचा आणि हिंदीत बोलायचा, आणि दोन्ही भाषांत घाबरायचा.

रशियन साहेबानं कोट काढला. बाह्या वर केल्या. एक लांब लाकडी दांडा मागवला, त्याचं एक टोक इंजिनावर टेकवलं आणि दुसरं कानाला. डोळे मिटून ऐकत राहिला. डॉक्टर छाती तपासतो तसं! शेडमधली हातोडी थांबली. सरदारजीसुद्धा कुजबुजत होते, म्हणजे फक्त पलीकडच्या शेडपर्यंत ऐकू जात होतं.

मग त्यानं गाडी स्वतः चालवली. शेडला एक फेरी, दुसरी फेरी. डोकरीनं एकदाही खोकून दाखवलं नाही. पाव्हण्यांसमोर गुणी बाळासारखी! तो उतरला, आणि साहू तिला जागेवर लावायला बसला, तशी फट्-फट्.

रशियन साहेब परत चढला. खोकला बंद! उतरला. फट्!

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग बोलायला लागला. लांबलचक बोलला. हातवारे केले, बॉनेटवर थाप मारली, एकदा आकाशाकडेही बोट दाखवलं. मी कान टवकारून ऐकत होतो. मला रशियन कळत नव्हतं, पण एवढं मोठं निदान आहे तर त्यात कुठला तरी पार्ट असणारच. कार्बोरेटर असेल, कॉइल असेल. मी बदलायला तयार होतो.

साहेबाचं बोलणं संपलं. सगळ्यांनी दुभाष्याकडे पाहिलं. त्यानं चष्मा पुसला.

"साहब कह रहे हैं, मशीन अच्छी है. स्वभाव खराब है."

*

माझा स्वभाव तोवर घरी खराब व्हायला लागला होता. जेवताना, चालताना, आंघोळ करताना मी आवाज ऐकायचो. कोहक्याला आम्ही दोन खोल्या घेऊन राहत होतो. बाजूला आमच्याच समाजाची, भंडारा-नागपूरकडची घरं. सकाळी जयभीम घातला, की समोरचा विचारायचा, "काय मेश्राम भाऊ, काल खोकली का?" तब्येत माझ्या घरातल्या कोणाचीच विचारत नव्हते. फक्त डोकरीची!

एका सकाळी माझी बायको विमल स्टोवर भात ठेवून पाण्याला गेली. मी खाटेवर बसलो होतो. स्टो फरफरत होता, फरफरता-फरफरता मधेच थांबला, परत फरफरला. मी उठलोच! ओळखीचा आवाज. भात खाली उतरवला, स्टोचं डोकं खोललं, पिन मारली, वॉशर काढला, पंप काढला, सगळं वर्तमानपत्रावर मांडलं.

विमल हंडा घेऊन आली. माझ्याकडे पाहिलं, कच्च्या भाताकडे पाहिलं.

"काय करून राहिले जी?"

"मिसिंग मारून राहिला होता. तेल येण्याच्या वाटेत कचरा असन."

तिनं स्टोची टाकी उचलली आणि हलवली. टाकीतून आवाजच आला नाही.

"वाट कायची? राकेल संपलं त्यातलं!"

मी वॉशर परत लावू लागलो. ती चूल पेटवायला बसली. फुंकणीनं दोनदा फुंकलं आणि मग म्हणाली, "एक सांगू का? तुमचं घोरणं बी मिसिंग मारते आजकाल. चार घोरता, पाचवं सुटते. मी जागी राहून मोजत असतो."

तिनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

"तं तुमचे साहेब मागं बसून राहतात का काय, एवढं पाहाजा."

*

एकदा मात्र मला डोकरीचा रोग सापडला. अगदी नक्की सापडला!

मोठे साहेब चुनखडीच्या खाणीकडे निघाले होते, अहिवाऱ्याच्या वाटेनं. गाडी रस्त्यात दगा देते म्हणून त्यांनी मलाही पुढे साहूशेजारी बसवलं. वैद्याला बरोबर घेऊन निघालेला पेशंट! जामुल मागे पडलं आणि डोकरी खोकायला लागली. मग खोकून खोकून मधोमध बसली. दोन्ही बाजूंना धान कापलेली रिकामी शेतं, वर ऊन. साहेब एका पळसाखाली जाऊन उभे राहिले. मी बॉनेट उघडून एकेक पार्ट काढत सुटलो. प्लग पाहिले, पॉइंट घासले, कार्बोरेटर सोडला. काही नाही.

साहू म्हणाला, "पेट्रोल तो हे न?" आणि पाहायला म्हणून त्यानं टाकीचं झाकण फिरवलं.

सूंऽऽऽ!

टाकीनं असा श्वास ओढला, की पाण्याखालून कोणी वर आलं असावं. मी गाडी चालू केली. एका दमात चालू! आणि माझ्या डोक्यात बल्ब पेटला. टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. ते बुजलं, की पेट्रोल खाली उतरत नाही आणि इंजिन उपाशी मरतं. झाकण उघडलं की परत ठीक. मी झाकण उलटं करून पाहिलं. भोकात साबण! पिवळा, कपडे धुण्याचा साबण, नखानं दाबून, गुळगुळीत करून भरलेला.

मी झाकण उंच धरून साहेबांकडे गेलो. छाती अशी फुगलेली! "सर, सापडलं! कोण्या तरी महामूर्खानं ह्याच्यात साबण भरून ठेवला!"

साहेबांनी साहूकडे पाहिलं. "कुणी भरला?"

"मैं भरे हंव, साहेब," साहूनं लगेच सांगितलं.

"का?"

साहूनं माझ्याकडे बोट केलं. "मिस्त्री कहे रहिस. टंकी म धुर्रा झन जाय!"

टाकीत धूळ जाता कामा नये, असं मीच त्याला सांगितलं होतं. चार लोकांसमोर, दरडावून! त्या बिचाऱ्याला धूळ आत जायची एकच वाट दिसली आणि त्यानं ती बुजवून टाकली.

साहेबांनी झाकण माझ्या हातून घेतलं, त्यावर फुंकर मारली आणि विचारलं, "मग महामूर्ख कोण ठरला, मेश्राम?"

*

तरी साबण निघाल्यावर डोकरी सुधारली. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. खोकला नाही! मी शेडमध्ये छाती काढून फिरत होतो. सरदारजींनी खांद्यावर थाप मारली, तो खांदा अजून दुखतो.

पण मोठ्या साहेबांच्या ऑफिसात हाहाकार झाला होता, हे मला माहीत नव्हतं.

झालं असं, की त्या ऑफिसला साहेब येण्याची वर्दी डोकरीच द्यायची. वळणावर फट्-फट् झालं, की पत्ते टेबलाखाली, चहाचे कप खिडकीबाहेर आणि प्रत्येकाच्या पुढ्यात फाइल. आता डोकरी बिनआवाजाची झाली. पहिल्याच दिवशी साहेब दारात उभे राहिले, तेव्हा एक बाबू झोपला होता, दुसरा मुलीच्या स्वेटरचं माप दोऱ्यानं काढत होता, आणि तिवारी नावाचा शिपाई साहेबांच्याच खुर्चीत, साहेबांच्याच पंख्याखाली, पाय टेबलावर टाकून आरामात बसला होता.

सगळ्यांना मेमो मिळाले. तिवारी रस्त्यात भेटला की माझ्याकडे असा पाहायचा, की मी त्याचा बैल चोरला!

आणि मग एका सकाळी, काहीही कारण नसताना, डोकरी परत खोकायला लागली. फट्-फट्, पहिल्यासारखी. मी शेडच्या कोपऱ्यात टायरवर बसून होतो. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. इतक्यात तिवारी धावतच आला. हातात दुर्गच्या हलवायाचा पुडा!

"मेश्रामजी, बहुत अच्छा काम किये आप! लीजिए, मुँह मीठा कीजिए!"

माझ्या कामाबद्दल आयुष्यात मला पेढे मिळाले, ते तेवढेच.

*

आता शेवटचं सांगतो.

मोठे साहेब दौऱ्यावर गेले होते. मी डोकरीचा कंडेन्सर बदलला होता आणि साहूबरोबर ट्रायल घेत घेत दुपारी जेवायला घरी, कोहक्याला आलो. साहू ओट्यावर डबा उघडून बसला. मी पहिला घास घेतला, तेवढ्यात शेजारचा गजभिये दारात आला. हा कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर फिटर, भंडाऱ्याकडचा. एरवी हसल्याशिवाय बोलत नसे. त्या दिवशी हसला नाही.

त्याची बायको कौसल्या पहिलटकरीण. आदल्या दिवसापासून कळा चालू होत्या. माझी विमल सकाळपासून तिच्याजवळच होती. गजभियेच्या मागून म्हातारी सुईण बाहेर आली, हात पुसत म्हणाली, "नोनी जोरच छोड़ दिस. मोर बस के नइये. अस्पताल ले जावव." पोरीनं जोर लावणंच सोडलं होतं. आता दुर्गचा दवाखाना, आणि लवकर.

गजभियेनं डोकरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मेश्राम भाऊ, खरं सांगजा. पोचवन का?"

'आता एकदम पक्की झाली', हे वाक्य माझ्या तोंडून त्या वस्तीनं इतक्यांदा ऐकलं होतं, की पोरंही माझी नक्कल करायची. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य आलंच नाही.

"माहीत नाही गजभिये. पण दुसरी गाडी आणतपर्यंत उशीर होईन. मी संग येतो."

कौसल्याला मागे झोपवलं. तिचं डोकं विमलच्या मांडीवर. गजभिये पुढे साहूच्या बाजूला, देवळात बसल्यासारखा हात जोडून. मी दाराबाहेर फूटबोर्डवर उभा. गाडी निघाली. वस्ती संपेपर्यंत नीट चालली. पुढे नाल्याचा चढ लागला, साहूनं जोर दिला आणि... फट्! फट्-फट्!

चढाच्या मधोमध बसली.

मागून कौसल्याचं कण्हणंही येत नव्हतं, त्याची जास्त भीती वाटत होती. मी बॉनेटचं डावं झाकण काढून बाभळीखाली टाकलं. साहूला म्हटलं, "चालू कर आणि रेस दे, गिअर टाकून!" त्यानं दिली. आणि मी पहिल्यांदा पाहिलं. गाडी ओढायला लागली, की इंजिन आपल्या रबरांवर एका बाजूला कलत होतं. गॅरेजात उभ्या गाडीत ते कधी कललंच नव्हतं! ते कललं की कॉइलपासून येणारी एक बारीक वायर ताणली जात होती. बाहेरून नवी दिसणारी वायर. मी ती चिमटीत धरून इंजिनाकडे ढकलली. आवाज एकसारखा! सोडली. फट्! धरली, चालली. सोडली, खोकली. आतली तार वरच्या कापडी वेष्टणाखाली तुटलेली होती, आणि मी तिच्यावरून हात फिरवून कितीदा तरी पुढे गेलो होतो!

रुमालानं बांधली, पहिल्या गचक्याला सुटली. दुसरी वायर जवळ नव्हती.

"साहू, चालव!"

"अउ तैं?"

"मी असाच येतो!"

मी पुढच्या मडगार्डवर आडवा झालो. पाय फूटबोर्डवर, एक हात दिव्याच्या दांडीला आणि दुसरा हात इंजिनाच्या पोटात, ती वायर धरून. डोकरी चढ चढली. कोपराला सायलेन्सरचा पाइप भाजत होता, मधूनमधून बोटांना झटके बसत होते, पंख्यातून गरम धूळ तोंडावर. समोरून बैलगाड्या यायच्या, गाडीवान हे ध्यान पाहून बैलांसकट शेतात उतरायचे. कुठे जरा हात हलला, की फट् व्हायचं आणि मी वायर परत घट्ट दाबायचो. मागची काच उघडी होती, पण वळून पाहायची हिंमत नव्हती. मी नुसता डोकरीवर ओरडत होतो. आपण काय ओरडतो आहोत याचीही शुद्ध नव्हती. दुर्गची घरं दिसायला लागली तसा माझा घसा बसला, तरी ओरडत होतो.

दवाखान्याच्या वळणावर मागून एक बारीक, चिरका आवाज आला.

"साहू, बेल्ट गेला! थांबू नको! बेल्ट गेला तरी चालन, घे आत!"

मागून विमल ओरडली, "अवो, बेल्ट नाही जी! पोरगी झाली, पोरगी!"

साहूनं फाटकातच ब्रेक मारला. मी मडगार्डवरून घसरून खाली पडलो. नर्स धावत आली, तिनं काळं तोंड आणि भाजलेला हात पाहिला आणि स्ट्रेचर आधी माझ्याचकडे आणलं.

मायलेकी दोघीही सुखरूप होत्या. दुसऱ्या दिवशी मी डोकरीला वीतभर नवी वायर लावली. ती परत कधी खोकली नाही, आणि तिवारी परत कधी माझ्याशी बोलला नाही.

कौसल्या घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो. गजभियेनं मला पाटावर बसवलं, पोरगी माझ्या मांडीत दिली. माझ्या हाताला अजून पट्टी होती. मी विचारलं, "वहिनी, रस्त्यानं लय भेव वाटला असन न?"

कौसल्या म्हणाली, "पहिले वाटला भाऊजी. अंगात काही राहिलंच नव्हतं माह्या. हे समोर डोळे मिटून बसले होते. विमलताई रडून राहिल्या होत्या. मले वाटलं, सोडून द्यावं आता. पण तुमी एकटेच तं बाहेरून मले सांगून राहिले होते..."

"मी? काय?"

"'जोर लाव माय! सोडू नको! थोडंच राहिलं, लाव जोर!' एवढा जीव तोडून कोणी सांगते का भाऊजी? मग मी लावला!"